रुळाच्या वरचे पाणी

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव जरा जड छापले गेले आहे : 'पर्यावरण, समाज आणि व्यवस्थेचा विचार'. मघाशी चहाच्या वेळी एका साथीने सरळच विचारले की, रिकाम्या जागा, बदल्या, पेन्शन एवढे प्रश्न डोक्यावर असताना हा विषय युनियनच्या वर्गात कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला आम्ही व्याख्या सांगून उत्तर देणार नाही. एका मोरीपासून सुरुवात करू.

२९ ऑक्टोबर २००५ च्या पहाटे रेपल्लेहून सिकंदराबादकडे निघालेली डेल्टा पॅसेंजर वलिगोंडा गावाजवळ आली. हा नलगोंडा जिल्ह्याचा भाग तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आज तो तेलंगणात आहे. पाऊस जोराचा झाला होता. रुळाच्या वरच्या अंगाला असलेला तलाव फुटला, त्याच्या लोंढ्याने रेल्वेचा एक लहान पूल वाहून नेला आणि गाडी त्या खिंडारात गेली. ११४ माणसे मेली. तलाव फुटल्याची बातमी गाडीच्या आधी पोहोचली नाही.

रेल्वेच्या हद्दीत उभे राहून पाहिले तर इथे एवढेच दिसते की पूल गेला. पण तलाव रेल्वेचा नव्हता, त्याचा बांध रेल्वेचा नव्हता, त्यात पाणी आणणारे शेत-शिवारही रेल्वेचे नव्हते. रेल्वेची हद्द जिथे संपते तिथे आपले खांब आहेत, दगड आहेत. पाण्याला ते खांब दिसत नाहीत.

तेलंगणातले आणि एकूण दख्खनचे जुने तलाव एकेकटे नसतात, साखळीत असतात. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की खालचा भरतो, खालच्याचा वाहिला की त्याच्या खालचा. ही फार शहाणपणाची रचना आहे, शेकडो वर्षे तिने माणसे जगवली. पण तिची अट अशी की सांडवा मोकळा हवा, बांध धडका हवा आणि मधला ओढा बुजलेला नको. सांडव्याच्या तोंडाशी कोणी शेत वाढवले, तळात गाळ साचला, बांधावर झाडांची मुळे शिरली, की त्याच साखळीचा धोका होतो. वरचा एक फुटला तर खालच्यावर दुप्पट ओझे येते, तोही जातो, आणि सगळ्यांत खाली आपली मोरी असते. ती मोरी बांधताना इंजिनिअरने पाणलोटाचे गणित केलेले असते. त्या गणितात पावसाचे पाणी धरलेले असते. फुटलेल्या तलावाचे पाणी एकदम येते, ते वेगळेच.

व्यवस्थेचा विचार म्हणतात तो हाच. एखादी वस्तू एकटी न पाहता तिच्या वर काय आहे, खाली काय आहे, तिच्यात काय साठते, किती वेगाने येते, किती वेगाने जाते, आणि बिघाड झाल्याची खबर कोणाला किती वेळाने लागते, हे सगळे एकत्र पाहायचे. साठा, ओघ, उलट खबर आणि उशीर, एवढे चार शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. अमेरिकेतल्या डोनेला मेडोज या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली सगळ्या जगाच्या साधनसंपत्तीचा हिशेब याच पद्धतीने मांडला. आपल्याला जगाचा हिशेब आज मांडायचा नाही, आपल्या सेक्शनचा मांडला तरी खूप झाले.

रेल्वेला हे माहीत नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. १९५६ च्या सप्टेंबरात महबूबनगरजवळ आणि नोव्हेंबरात तामिळनाडूत अरियलूरजवळ पुरात पूल जाऊन दोन भीषण अपघात झाले. दोन्हींत शंभराहून जास्त माणसे गेली. अरियलूरनंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी राजीनामा दिला याचे कौतुक आपण सत्तर वर्षे करतो, पण पाण्याचे काय झाले हे फारसे कोणी विचारत नाही. रेल्वेच्या नियमांत रेल्वेवर परिणाम करू शकणाऱ्या तलावांची आणि बांधकामांची नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. दरवर्षी राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर त्यांची संयुक्त पाहणी करायची असते. म्हणजे कागदावर व्यवस्थेचा विचार केलेलाच आहे.

मग अडते कुठे? तलाव पाटबंधारे खात्याचा, नाहीतर जिल्हा परिषदेचा, नाहीतर ग्रामपंचायतीचा. तो दुरुस्त करण्याचा खर्च ज्याने करायचा त्याला तो फुटल्याचा जाब रेल्वे विचारू शकत नाही, आणि ज्याच्या गाडीला धोका आहे त्याच्या हातात बांधावर मातीची एक पाटी टाकण्याचा अधिकार नाही. दोन खात्यांच्या मधल्या जागेत वही पडून राहते. पाहणी झाली, सह्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा लिहिला गेला, असे होऊ नये म्हणून त्या वहीकडे कोणीतरी बाहेरून पाहात असले पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण आपल्याच सोयीचे बोलतो असे होईल. रेल्वेचा भराव हासुद्धा एक बांधच आहे. शेताचे पाणी ज्या वाटेने जात होते तिथे आपण दहा-पंधरा फुटांची भिंत घातली आणि पाण्याला दोन-तीन मोऱ्या ठेवल्या. मोरी तुंबली की वरच्या अंगाचे शिवार पाण्याखाली जाते. पावसाळ्यात गावकरी गँगशी भांडायला येतात ते उगाच येत नाहीत. रेल्वेवर परिणाम करणाऱ्या तलावांची वही आहे. गावावर परिणाम करणाऱ्या रेल्वेची वही आमच्या तरी पाहण्यात नाही.

आता गस्तीबद्दल. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी पावसाळी गस्त घातलेली आहे, त्यांना आम्ही काय सांगणार! पण टपाल खात्यातल्या साथींसाठी सांगतो. पावसाळ्यात रात्री गस्तवाला बत्ती, झेंडी आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन आपला ठरलेला टप्पा चालतो. टप्प्याच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटतो, दोघे वह्या बदलतात, ती वही स्टेशनपर्यंत जाते. भराव खचला, दरड आली, पुलाच्या खुणेच्या वर पाणी चढले, तर ब्रॉड गेज मार्गावर धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके लावून गाडी थांबवायची. हे झाले सरळ काम. या पद्धतीतली खरी खुबी वेगळीच आहे. गस्तवाला ठरलेल्या वेळी आला नाही, तर स्टेशन मास्तरने गाडीला सावधगिरीचा हुकूम देऊन गती कमी करायला लावायची. म्हणजे खबर आली नाही हीच खबर धरायची. मोठमोठ्या यंत्रणांना ही अक्कल नसते. तिथे खबर आली नाही की सगळे ठीक आहे असे समजून फाईल मिटतात.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून जास्त माणसे गाडली गेली. ही गोष्ट बाहेर कळली ती एस.टी.च्या एका ड्रायव्हरमुळे. तो रोजच्या फेरीला गेला आणि त्याला गाव दिसेना. जो रोज त्याच वाटेने जातो त्यालाच काय नाहीसे झाले ते कळते. पोस्टमन, ग्रामीण डाकसेवक, गँगमन, चावीवाला, एस.टी.चा ड्रायव्हर ही सगळी अशा रोजच्या वाटेची माणसे आहेत. कोणत्या वस्तीत म्हातारी एकटी राहते, कोणाचे घर ओढ्याला लागून आहे, कोणत्या साकवावरून दुसऱ्या पावसात जाता येत नाही, हे तहसील कचेरीत लिहिलेले नसते. डाकसेवकाला ते माहीत असते. आपल्या देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. एवढे डोळे दुसऱ्या कोणत्या खात्याजवळ आहेत?

१५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. त्याबद्दल हळहळणारे लेख बरेच आले. तारेला पर्याय मोबाइल, हे खरेच आहे. पण तारेबरोबर गावात एक ठरलेली जागा होती, जिथे वाईट बातमी आली तर कोणीतरी ती पोहोचवणारच, अशी खात्री होती. मोबाइलचा मनोरा पुरात किंवा वादळात पडला की ती खात्री उरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत पोस्टमननी घरोघर जाऊन बँकेतले पैसे लोकांच्या हातात दिले, टपाल खात्याने औषधांची पार्सले पोहोचवली. ऐन संकटात नवीन यंत्रणा उभी करता येत नाही, आधीपासून असलेलीच कामाला येते, हे तेव्हा दिसले.

'तग धरण्याची शक्ती' या शब्दाचा अर्थही इथे स्पष्ट करू. हॉलिंग नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९७३ साली एक भेद दाखवला. न हलणे वेगळे आणि धक्का खाऊन टिकणे वेगळे. कॅनडाच्या पूर्व भागात सूचिपर्णी झाडांवर एक कीड पडते. झाडे वाचावीत म्हणून वर्षानुवर्षे विमानातून फवारणी झाली. झाडे वाचली, पण किडीचे खाद्यही तसेच भरपूर उभे राहिले, आणि फवारणी थांबवता येईना. वरून सगळे स्थिर दिसत होते, आत नाजूकपणा वाढत होता.

कोकण रेल्वेचे उदाहरण याच कसोटीवर पाहा. संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. देशातले एक मोठे काम, त्याचा अभिमान आहेच. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी जांभा दगड आणि माती कापून खोल कटिंग केली की तो उतार पावसाळ्यात स्वस्थ बसत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी गेली आणि पन्नासाहून अधिक लोक मेले. एक वर्ष भरण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पडलेल्या दगडांमुळे घसरून पुलावरून खाली गेली. त्यानंतर उतार पुन्हा कापून सौम्य केले, जाळ्या लावल्या, गस्त वाढवली, पर्जन्यमापक बसवले, काही पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रे बसवली. सहाशेहून अधिक माणसे पावसाळ्यात गस्तीवर असतात. पावसाळ्याचे वेळापत्रकच वेगळे केले. धुवांधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही, असा ड्रायव्हरला हुकूम आहे.

प्रवासी कुरकुरतात की पावसाळ्यात कोकणची गाडी रखडते. रखडते म्हणूनच पोहोचते, असे त्यांना सांगायला हवे. १४ जुलै २०२४ रोजी दिवाणखवटीजवळ दरड आली, मार्ग दिवसभर बंद राहिला, गाड्या रद्द झाल्या, लोकांचे हाल झाले. पण वैभववाडी झाली नाही. वेळापत्रक मोडले आणि माणसे राहिली. जी व्यवस्था वेळ पाळण्यासाठी सगळी ढील काढून टाकते, ती एका दगडाने मोडते.

आणि ढील म्हणजे फक्त वेळ नव्हे. माणसे हीसुद्धा ढील आहे. मघाशी रिकाम्या जागांचा प्रश्न निघाला, तो इथे बसतो. साठा आणि ओघ याच भाषेत बोलू. तीस वर्षे एकाच सेक्शनवर काढलेल्या गँगमनला पाऊस किती वेळ पडला की कुठल्या कटिंगमधून गढूळ पाणी झिरपू लागते ते ठाऊक असते. हा त्याच्या डोक्यातला साठा भरायला तीस वर्षे लागतात आणि निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी तो रिकामा होतो. त्याच्या हाताखाली दोन-तीन तरुण पाच-सात वर्षे चालले असते तर तो पुढे ओघळला असता. जागा भरली नाही, किंवा ठेकेदाराची दर हंगामाला बदलणारी माणसे आणली, तर हिशेबात मजूर तेवढेच दिसतात, पण साठा आटलेला असतो. आणि तो आटल्याचे लगेच कळत नाही, हेच त्यातले वाईट. दोन पावसाळे चांगले जातात. साहेबांना वाटते बचत झाली. रिकामी जागा आणि अपघात यांच्यात पाच वर्षांचा उशीर असला की कोणी त्यांचा संबंध लावत नाही.

खबर कुठून कुठे जाते याचे मुंबईचे एक उदाहरण देतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला त्याच काळात ७३ च्या आसपास. एकच शहर! फोर्टातल्या खिडकीतून जे दिसत होते त्यावरून कुर्ल्यात काय चालले आहे याची कल्पना येणे शक्य नव्हते. त्यात भरती आली, आणि मिठी नदी भराव, बांधकामे, विमानतळ आणि कचरा यांनी आधीच आवळलेली. लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, लोक रुळावरून चालत निघाले आणि वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी त्यांना चहा-बिस्किटे आणि रात्रीचा आसरा दिला. पुढे महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, हे चांगले झाले. मिठीची रुंदी मात्र यंत्र बसवून वाढत नाही.

२०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते, सगळे सुखरूप निघाले. आपत्ती दलाच्या रबरी होड्या, नौदल, हेलिकॉप्टर यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, आणि ते त्यांनी कमावलेही होते. आसपासच्या गावांतले लोकही पाण्यात उतरले होते. त्यांना कोणती वाट उथळ आहे हे विचारावे लागले नाही.

गावाचे हे ज्ञान संघटित केले तर काय होते ते ओडिशात पाहावे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर किनाऱ्यावर वादळ-निवारे बांधले, गावोगाव समित्या केल्या, कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची हे नावानिशी ठरवले, दरवर्षी सराव केला. २०१९ च्या मे महिन्यात फनी वादळ आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ काही मऊ झाले नव्हते. निवाऱ्याची इमारत एरवी शाळा म्हणून वापरात असते, म्हणून तिची दारे-खिडक्या शाबूत राहतात, हा त्यातला बारीक मुद्दा आम्हाला फार आवडतो.

एक धोक्याचा इशारा इथेच देऊन ठेवतो. 'व्यवस्थेचा दोष' हा शब्द आता साहेब लोकही वापरू लागले आहेत. पूर्वी चौकशी झाली की खालचा एक माणूस निलंबित व्हायचा. आता कधी कधी 'व्यवस्थेचा दोष' म्हणून कोणीच जबाबदार नसतो. दोन्ही वाईट. व्यवस्था म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू नाही. तलावाच्या दुरुस्तीचा पैसा कोणी अडवला, गस्तीचा टप्पा कोणी लांबवला, जागा कोणी गोठवली, याला सही असते आणि तारीख असते. व्यवस्थेचा विचार करायचा तो ती सही सापडेपर्यंत करायचा.

आता कामाचे. प्रत्येक शाखेने आपल्या सेक्शनचा एक नकाशा मे महिन्याच्या आत काढावा. मोठा कागद आणि पेन्सिल पुरे. मधोमध रूळ, त्यावर किलोमीटर, प्रत्येक मोरी आणि पूल. मग रुळाच्या वरच्या अंगाला जावे. तलाव, बंधारे, खाणी, नव्याने सपाट केलेल्या टेकड्या, ओढ्यात झालेली बांधकामे. खालच्या अंगाला वस्त्या, शाळा, पोस्ट. निवृत्त गँगमनला आणि डाकसेवकाला बरोबर घेतल्याशिवाय हा नकाशा काढू नये. प्रत्येक तलावापुढे तो कोणत्या खात्याचा, त्याच्या जवळ राहणारा कोण, आणि रात्री दोन वाजता बांध खचू लागला तर त्याने कोणत्या स्टेशनला फोन करायचा, हे लिहावे. स्टेशनचा नंबर गावात नसतो आणि गावाचा नंबर स्टेशनात नसतो. एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले.

तलावांच्या नोंदवहीची मागची पाहणी कधी झाली आणि तिच्यातल्या शेऱ्यांवर काय झाले, हे माहिती अधिकारात विचारता येते. २००५ पासून तो कायदा आहे. उत्तर आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवावे, कारण तलाव फुटला तर आधी गावचे शेत जाणार आहे. चिपळूणला २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचा पूर आल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकांनी नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले. वाशिष्ठीचे पाणी चढले की आपलीही गाडी चिपळूण-कामथे दरम्यान थांबते. अशा मागणीत रेल्वे कामगाराने मांडवात जाऊन बसायला काय हरकत आहे?

गस्तवाल्याचे रेनकोट, बूट आणि बत्ती यांची मागणी याच नकाशाला जोडून द्यावी, वेगळी नको. नकाशाची एक प्रत सेक्शनच्या इंजिनिअरला द्यावी आणि पोच घ्यावी, एक जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती कक्षाला, एक पोस्ट मास्तरांकडे, आणि एक गँगच्या चाळीत भिंतीवर लावावी. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा बसून कुठे पाणी चढले ते त्यावर लाल पेन्सिलीने लिहावे. ज्या शाखांनी हे काम हाती घ्यायचे ठरवले आहे त्यांनी आपल्या सेक्शनची नावे जेवणाच्या सुट्टीत नोंदवावीत, म्हणजे कोणत्या सेक्शनला रेल्वे आणि टपाल या दोन्ही शाखांनी मिळून जायचे ते दुपारच्या बैठकीत ठरवता येईल.